गेलेल्या विजेचा प्रसाद

त्या वर्षी मी देवीशी बोलणं सोडलं होतं. पूजा चालू होती, कारण आंघोळ झाली की हात आपोआप देव्हाऱ्याकडे जातात. कुंकू लावत होते, फूल वाहत होते, शुक्रवारचा उपासही मोडला नव्हता. पण मनातलं म्हणून काही सांगायचं नाही, असं ठरवून टाकलं होतं. माझं माहेर कोल्हापूरजवळचं. पोरवयापासून मी अंबाबाईशी बोलत आले. परीक्षा, लग्न, बाळंतपण, सगळं तिच्या कानावर घालून. आणि जेव्हा खरोखर जिवावरचं मागणं मागितलं, दोन वर्षं रोज मागितलं, तेव्हा ती गप्प राहिली. मग मीही गप्प बसले. सख्ख्या आईशी धरावा तसा अबोला धरला. आज ते आठवलं की माझंच मला हसू येतं आणि डोळेही भरतात.

मागणं एवढंच होतं की माझ्या सुमीनं बोलावं.

सुमी आमची एकुलती एक. ती वर्षाची असताना माझ्या यजमानांची पुण्याहून चंदीगडला बदली झाली. इथल्या सरकारी प्रयोगशाळेत ते उपकरणं तयार करण्याचं काम करतात. निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "गावाचं नावच चंडीवरून आहे, म्हणजे देवीच्याच घरी चाललात. काळजी कसली?" इथं आलो तेव्हा सुमी दोन-चार शब्द बोलायची. "काऊ", "मंमं", आणि बाबांची सायकल दिसली की "बाबा". दीड वर्षाची झाली आणि ते शब्द एकेक करून गेले. दारापुढची रांगोळी कधी पुसली गेली ते कळू नये, तसे गेले. हाक मारली तर बघेना. कडेवर घेतलं तर अंग ताठ करी. तासन् तास मागच्या अंगणात बसून कपड्यांचे चिमटे एका ओळीत लावी, आणि कुणी एक चिमटा हलवला तर डोकं भिंतीवर आपटून घेई. पाणी हवं असलं की माझं मनगट धरून मला माठापाशी नेई. पण माझ्या तोंडाकडे एकदाही बघत नसे. जणू मी पळीच, पाणी काढायची.

सगळ्यांनी आपापलं निदान केलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, घरात मराठी, दारात पंजाबी आणि रेडिओवर हिंदी. पोरीचा गोंधळ झालाय. कुणी म्हणालं बहिरी आहे. कुणी दृष्ट काढायला सांगितली, तीही काढली. बालवाडीच्या बाईंनी आठव्या दिवशी तिला माझ्या हातात देऊन सांगितलं, "इसे घर पे ही रखिये जी." या सगळ्याचं मला फार लागलं नाही. लागलं ते एका खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरांचं बोलणं. त्यांनी सुमीकडे दोन मिनिटं पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि यजमानांना इंग्रजीत म्हणाले, की आईकडून माया मिळाली नाही की मुलं अशी आतल्या आत मिटतात. त्यांना वाटलं मला इंग्रजी कळत नाही. मला सगळं कळलं. घरी येऊन मी कणीक भिजवायला घेतली आणि परातीत तशीच हात घालून बसून राहिले. खरंच असेल का? पहिल्या महिन्यात मला ताप येत होता, सुमीला वरचं दूध द्यावं लागलं होतं, ते असेल का? ती रडायची तेव्हा एकदा मी ओरडले होते, ते असेल का? दोन वर्षं मी स्वतःच्या मायेची झडती घेत होते.

सुमी चार वर्षांची झाली आणि थोरल्या दिरांचं पत्र आलं. तिकडे एका गावी अशा मुलांना कायमचं ठेवून घेणारी संस्था आहे, जूनपासून एक जागा रिकामी होतेय, मुलीला घेऊन या. तुम्ही दोघं अजून तरुण आहात, पुढचा विचार करा. यजमानांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी मेअखेरीची तिकिटं काढून आणली. ते वाईट नव्हते. थकले होते. रोज संध्याकाळी दारात आले की सुमीचा आकांत सुरू व्हायचा, आणि आपल्याला बघून मूल किंचाळतं हे कोणत्या बापाला सोसेल? मी भांडले नाही. फक्त म्हटलं, "जायच्या आधी एकदा कान तपासून घेऊ. मनाला रुखरुख नको."

शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात कान तपासले. कान उत्तम निघाले. घंटा वाजवली तर न बघणारी सुमी, बाजूच्या टेबलावर कुणी बिस्किटाचा कागद उघडला तर झटकन वळली. तिथल्या डॉक्टरांनी ते हेरलं आणि एक चिठ्ठी लिहून दिली: मुलांच्या तपासणीसाठी मानसोपचार विभागात, गुरुवारी सकाळी. चिठ्ठी पाहून यजमानांचा चेहरा उतरला.

"माझी मुलगी वेडी नाही," ते म्हणाले.

"मग तसं त्यांनाच सांगू दे की."

"अगं, कागदावर एकदा तो शिक्का बसला की जन्मभर पुसला जाणार नाही. नाही जायचं."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना न सांगता घराबाहेर पडले. गुरुवारी ते सायकलवरून कामावर गेले, आणि मी सुमीला घेऊन सायकलरिक्षात बसले. मेचा पहिला आठवडा होता. सकाळी आठालाच ऊन चटके देत होतं, रस्त्याकडेच्या अमलतासाला, म्हणजे आपल्या बहाव्याला, पिवळे घोस लोंबत होते. रिक्षात सुमी खूश होती. चाकाकडे वाकून बघत होती. मला वाटलं, आज सगळं नीट होईल.

तसं काही झालं नाही. त्या विभागाच्या व्हरांड्यात पाय ठेवल्याबरोबर सुमीनं कानांवर हात घेतले आणि किंचाळायला सुरुवात केली. लांबलचक, बंदिस्त व्हरांडा. दोन्ही बाजूंना बाकं, बाकांवर गावोगावची माणसं, वर ओळीनं ट्यूबलाइट. आमचा नंबर एकोणिसावा होता. नवव्या नंबरापर्यंत मी तिला कडेवर घेऊन फिरवलं, तिनं माझा दंड चावून काळानिळा केला. तेराव्या नंबराला ती बाकाखाली शिरली आणि फरशीवर डोकं आपटू लागली. माणसं बघत होती. एक बाई आपल्या मुलाला पदराखाली घेऊन लांब जाऊन बसली.

नंबर पुकारायला दारात एक म्हातारी सरदारणी बसायची. पांढरी सलवार-कमीज, दोरीनं बांधलेला चष्मा. सगळे तिला बीजी, म्हणजे आई, म्हणत. आमचा नंबर आला तेव्हा तिनं सुमीला बाकाखालून काढायला मला मदत केली. आत डॉक्टरीणबाई होत्या, चाळिशीच्या असतील. त्यांनी लाकडी ठोकळे पुढे केले, चित्रं दाखवली. सुमीनं सगळं भिरकावलं आणि टेबलाखाली जाऊन गुडघ्यात डोकं खुपसून किंचाळत राहिली. पंधरा मिनिटं त्यांनी वाट पाहिली. मग नरम आवाजात म्हणाल्या, "बहेनजी, अशा स्थितीत मला काहीच कळणार नाही. काहीतरी लिहून टाकणं बरोबर होणार नाही. तुम्ही जुलैत या."

जुलैत! जुलैत सुमी कुठं असणार होती ते मला माहीत होतं. मी तिथंच, टेबलाशेजारी फरशीवर बसले. सुमीच्या फ्रॉकचं टोक इतका वेळ घट्ट धरून ठेवलं होतं, ते सोडलं. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या मनात देवीसाठी शब्द आले. प्रार्थना नव्हती ती. रागही नव्हता. घागर डोक्यावरून उतरवून ठेवावी तसं झालं. मी म्हटलं, "ही तुझी. माझ्याच्यानं आता होत नाही. तुझं तू बघ."

किती वेळ गेला असेल? मिनिट, दोन मिनिटं. आणि वीज गेली.

चंदीगडच्या मे महिन्यात वीज जाणं यात नवल काही नाही. पंखा घरघरत थांबला. बाहेर व्हरांड्यातून "हाय ओ रब्बा!" असा एकच ओरडा उठला. डॉक्टरीणबाई कपाळाचा घाम पुसत फाइल बंद करू लागल्या. आणि मला जाणवलं, की खोलीत काहीतरी कमी झालंय. काय, ते क्षणभर कळेना. मग कळलं. सुमीचं किंचाळणं थांबलं होतं.

तिनं कानांवरचे हात काढले होते. टेबलाखालून मान बाहेर काढून ती छताकडे बघत होती, विझलेल्या ट्यूबलाइटकडे. मग शांतपणे रांगत बाहेर आली, खिडकीतून उन्हाचा चौकोन फरशीवर पडला होता त्यात जाऊन बसली, आणि स्वतःच भिरकावलेले ठोकळे गोळा करू लागली.

दारातून बीजी बघत होती. डॉक्टरीणबाईंनी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "डाक्टरनी जी, बत्ती बोलदी है. सानूं नहीं सुणदी, इसनूं सुणदी है." दिवा बोलतो, आपल्याला ऐकू येत नाही, हिला येतो. तीस वर्षं रुग्णालयात काढलेल्या, अक्षर न वाचता येणाऱ्या बाईनं हे एका दमात सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी हातातली फाइल टेबलावर ठेवली, चपला काढल्या आणि उन्हाच्या चौकोनाच्या काठाला, सुमीपासून हातभर अंतरावर, फरशीवर मांडी घालून बसल्या.

पुढचा पाऊण तास मी जन्मात विसरणार नाही. लाकडी फळीत वेगवेगळ्या आकाराचे खळगे होते आणि त्यात बसणारे तुकडे वेगळे ठेवले होते. सुमीनं एकेक तुकडा उचलून न चुकता बसवला. डॉक्टरीणबाईंनी फळी उलटी फिरवली. तिनं पुन्हा बसवले, आधीपेक्षा झटपट. ठोकळ्यांचे रंग लावले. बाईंनी जो नमुना मांडला तो बघून तस्साच मांडला, आणि मग स्वतःच्या मनाचा एक असा मांडला की बाई हसल्या. मध्येच त्या मला प्रश्न विचारत होत्या. बोट करून काही दाखवते का? काही हवं असेल तर कसं मागते? आधी येणारे शब्द कधी गेले? कशाला भिते? घरात कुठं सर्वांत शांत असते? मला कधी कुणी असे प्रश्न विचारलेच नव्हते. मनगट धरून माठापाशी नेण्याची गोष्ट मी सांगितली, तेव्हा त्यांनी मान डोलावली, जणू ती त्यांना आधीच माहीत होती. घामानं आम्ही तिघी चिंब झालो होतो.

आणि त्याच वेळी बाहेर गलका झाला, "आ गई, आ गई!" वीज परत आली होती. व्हरांड्यातल्या ट्यूबलाइट एकामागून एक फडफडत पेटल्या. आमच्या खोलीत मात्र काहीच पेटलं नाही. मी वळून पाहिलं. बीजी दाराशेजारच्या बटणांपाशी पाठ लावून उभी होती. वीज नव्हती तेव्हाच तिनं खोलीतली सगळी बटणं बंद करून ठेवली होती, आणि सुमीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं दार ओढून घेत होती. माझ्याकडे बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

तपासणी संपल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की एका दिवसावरून काही ठरवत नाही, आणखी दोन गुरुवार या, आणि मुलीच्या वडिलांना घेऊन या. मी निघताना धीर करून विचारलं, "डॉक्टर, हे माझ्यामुळे झालं का? माझी माया कमी पडली का?" त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी सांगितलं ते मी विचारत नाही. काही पुस्तकांतही तसं लिहिलंय. मला ते पटत नाही. चार वर्षं ही मुलगी न बोलता तुम्हाला सगळं सांगतेय आणि तुम्हाला कळतंय. माया यापेक्षा वेगळी कशी असते?" मी तिथं रडले. फार दिवसांनी, मोकळी होऊन रडले.

संध्याकाळी मी यजमानांना सगळं सांगून टाकलं. रागावतील असं वाटलं होतं. ते ऐकत होते. ट्यूबलाइटचा भाग आला तसे उठून उभे राहिले. "चोक," ते म्हणाले. "अगं, ट्यूबचा तो चोकचा डबा असतो ना, तो गुणगुणतो. आम्ही प्रयोगशाळेत रोज मोजतो असले आवाज." मग ते पुढच्या खोलीत गेले. आमच्या त्या खोलीत ट्यूबलाइट होता. ते घरी आले की आधी तोच लावायचे, आणि त्याच क्षणी सुमीचा आकांत सुरू व्हायचा. दोन वर्षं त्यांना वाटत होतं, मुलगी आपल्याला बघून किंचाळते. स्टुलावर चढून त्यांनी ट्यूब उतरवली, स्वयंपाकघरातला पिवळा दिवा आणून तिथं लावला आणि भिंतीला टेकून खाली बसले. थोड्या वेळानं सुमी चिमटे घेऊन आली आणि त्यांच्या पायाजवळ ओळ लावत बसली. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही, ती उठून जाईल म्हणून. नुसते बसून राहिले. जेवण गार झालं तरी मी हाक मारली नाही.

पुढच्या दोन्ही गुरुवारी आम्ही तिघं गेलो. खोलीचे दिवे बंद असायचे, खिडकी उघडी असायची. तिसऱ्या गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी तो शब्द सांगितला: ऑटिझम. आमच्या ओळखीत कुणी तो ऐकलेला नव्हता. त्यांनी लपवालपवी केली नाही. हे औषधानं जाणारं नाही, ही मुलगी इतरांसारखी होईल असं वचन मी देत नाही. पण तिची बुद्धी जागी आहे, ती शिकेल, तिच्या पद्धतीनं शिकवलं तर. कसं शिकवायचं ते मी तुम्हाला शिकवते.

यजमानांनी विचारलं, "तिला घरापासून लांब ठेवणं चांगलं का?"

"तुम्ही ठेवू शकाल?" बाईंनी उलट विचारलं.

घरी जाताना त्यांनी आम्हा दोघींना रिक्षात बसवलं आणि स्वतः सायकलवरून स्टेशनावर जाऊन तिकिटं परत करून आले. त्या दिवशी दिरांना त्यांनी जे पत्र लिहिलं ते मी वाचलंय. एवढंच होतं: "सुमी आमच्याकडेच राहील. तिला काय आहे ते आता कळलं आहे. तुमचा आशीर्वाद असावा."

आणि मी काय केलं? बाजारातून दोन शेर लाडू आणून साऱ्या ब्लॉकमध्ये वाटले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कशाचे गं? पोरगी बोलायला लागली?"

"नाही. तिला काय झालंय ते कळलं, त्याचे."

"आजाराचे कुणी लाडू वाटतं का?"

"मी वाटते," म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हिचंही डोकं फिरलं. मला पर्वा नव्हती. ज्याला नाव नव्हतं त्या अंधारात मी दोन वर्षं चाचपडत होते. आता त्याला नाव होतं, आणि वाट होती. पहिला लाडू मी बीजीला नेऊन दिला होता. तिच्या पायांना हात लावायला वाकले, तर तिनं मला वरच्या वर उचललं. म्हणाली, "मैं की कीता, पुत्तर? बटण ही तां दबाया." मी काय केलं, बटण तर दाबलं.

सुमी आता नऊ वर्षांची आहे. सोपं काही नव्हतं, अजूनही नाही. पण ती सकाळी स्वतःची वेणी स्वतः धरून ठेवते, मी फणी फिरवते. आकडे तर तिला माझ्यापेक्षा चांगले कळतात. शिकवणं सुरू झाल्यावर सव्वा वर्षानं ती पहिला शब्द बोलली. गणपतीत एका ओळखीच्यांकडे गेलो होतो, सारी मराठी मंडळी जमली होती, झगझगीत रोषणाई. सुमी भिंतीशी गेली, बटणाकडे बोट केलं, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बंद!" "आई" नाही, "बाबा" नाही. बंद. आणि वीस-पंचवीस माणसांच्या त्या घरात यजमानांनी जाऊन सगळे दिवे बंद केले. आरती समईच्या उजेडात झाली. त्या आरतीला सुमी टाळ्या वाजवत उभी होती, आणि हे टाळ बाजूला ठेवून तिच्याबरोबर टाळ्या वाजवत होते.

तो चमत्कार होता का, असं मला लोक विचारतात. मला वाद घालता येत नाही. मे महिन्यात वीज जातेच. पण मी इतकी वर्षं देवीकडे एकच गोष्ट मागत होते, आणि कशी द्यायची तेही तिला सांगत होते. जिथं मी सांगणं थांबवलं, तिथं तिला जागा मिळाली असं मला वाटतं. तिनं दिलं ते मी मागितलंच नव्हतं: तिनं मला माझी मुलगी दाखवली. आजही सकाळी सुमीची वेणी घालताना मी काही मागत नाही. केसांचे तीन पेड हातात घेते, ती आरशात बघून आकडे मोजत असते, एक, दोन, तीन. मी तिच्याबरोबर मोजते.